मोटारीचे गुप्त लॉगबुक

सरकारी मोटारीला एक लॉगबुक असते. वाचकांपैकी ज्यांना कचेरीची गाडी मिळते त्यांना ते ठाऊक आहेच. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यात आम्ही मोडतो, तरीही आम्हांला ते अधिक ठाऊक आहे, कारण महिनाअखेर ती वही आमच्या टेबलावर येते. गाडी कोठून निघाली, कोठे गेली, निघताना मीटर किती होता, परतल्यावर किती झाला, काम कचेरीचे होते की खासगी, आणि शेवटच्या रकान्यात प्रवास करणाऱ्या अधिकाऱ्याची सही. मीटर आणि पेट्रोल यांचा मेळ बसला नाही तर आम्ही पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतो व वही परत पाठवितो. अधिकारी कधी रागावतात, कधी हसून घेतात. पण वही त्यांच्या डोळ्यांसमोर असते. तीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येते. चूक असेल तर खोडून खाली आद्याक्षरे घालता येतात. शिवाय गाडी सरकारची आणि पेट्रोलही सरकारचे, तेव्हा हिशेब मागणाऱ्याचा अधिकार कोणी नाकारीत नाही.

आता अशी कल्पना करा की, आपण स्वतःच्या पैशाने मोटार घेतली, तिचे हप्ते आपण भरतो, पेट्रोल आपण घालतो. आणि ती मोटार असेच एक लॉगबुक आपोआप लिहीत आहे. त्यावर आपली सही कोणी मागत नाही, ते आपल्याला दाखविले जात नाही, आणि वही आपल्या कपाटात न राहता दूरच्या कोण्या कंपनीच्या दप्तरी जमा होते. कल्पना करण्याचे तसे कारण नाही. आज बाजारात येणाऱ्या नव्या मोटारींपैकी कितीतरी मोटारी हेच करीत आहेत.

आमचे म्हणणे सरळ आहे. ही वही लिहिणारे यंत्र बंद करण्याची कळ मोटारीच्या मालकाच्या हाती असली पाहिजे. ती कंपनीने दिली नसेल तर ते यंत्र निकामी करवून घेण्याचा त्याचा हक्क मान्य झाला पाहिजे. आणि हा हक्क बजावला म्हणून त्याची वॉरंटी बुडू नये, की त्याच्याकडे कोणी संशयाने पाहू नये. (१९६४ च्या आचरण नियमांतील नववा नियम सरकारी नोकराला सरकारच्या धोरणावर टीका करू देत नाही. मोटार कंपन्यांवर टीका करण्यास मात्र त्यात मनाई आढळली नाही. दोनदा वाचून पाहिले.)

यंत्र म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. मोटारीच्या पोटात एक लहानशी पेटी असते. तिच्यात सिमकार्ड असते, ते बहुधा कारखान्यातच पक्के बसविलेले. उपग्रहावरून ठिकाण ओळखणारे साधन तिला जोडलेले असते. मोटारीचे वेग, ब्रेक, दारे, पट्टे यांच्या खबरा ज्या अंतर्गत तारांवरून फिरतात त्या तारांशीही तिचा संबंध असतो. म्हणजे गाडी कोठे आहे एवढेच नव्हे, तर ती कशी चालविली जात आहे हेही पेटीला कळते, आणि मोबाइलच्या जाळ्यावरून ती ते कळविते. भारतात ही गोष्ट २०१९ साली गाजावाजा करून आली. त्या वर्षी मे महिन्यात ह्युंदाईची व्हेन्यू आणि जूनमध्ये एमजीची हेक्टर या गाड्या ‘इंटरनेटशी जोडलेल्या’ म्हणूनच विकावयास काढल्या गेल्या. पुढे टाटा, महिंद्र, मारुती, किया या सर्वांनी आपापल्या नावाने तीच सोय देऊ केली. घरबसल्या फोनवरून गाडी थंड करून ठेवता येते, याची जाहिरात झाली. गाडीकडून कोणती माहिती जाते, कोणाकडे जाते आणि किती दिवस राहते, याची जाहिरात झालेली आम्ही तरी पाहिली नाही.

जाणाऱ्या माहितीचे काय होते, याचा पुरावा अमेरिकेत उघड झाला. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने एका मोटारमालकाची हकिकत छापली. तो सिअॅटलजवळ राहतो. विजेवर चालणारी शेव्हरले बोल्ट त्याने भाड्याच्या कराराने घेतली होती. कधी अपघात केलेला नव्हता. तरीही २०२२ साली त्याचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी चढला. कारण विचारता एका विमा-दलालाने त्याला लेक्सिसनेक्सिस या माहिती विकणाऱ्या संस्थेकडे बोट दाखविले. तेथून त्याने आपली नक्कल मागविली, ती २५८ पानांची निघाली. त्यांतील १३० हून अधिक पानांवर सहा महिन्यांतील ६४० फेऱ्यांची नोंद होती: किती वाजता निघाले, किती वाजता थांबले, किती मैल गेले, वेग कोठे वाढविला, ब्रेक कोठे जोराने दाबला. ही माहिती संस्थेला पुरविली ती मोटार बनविणाऱ्या जनरल मोटर्सने, ‘ऑनस्टार’ या आपल्या सेवेमार्फत.

ही कंपनी आपल्याला अपरिचित नाही. तळेगावला तिचा कारखाना होता, आणि २०१७ साली तिने भारतातील विक्री बंद केली. वाचकांपैकी कोणाच्या दारात तिची जुनी बीट किंवा स्पार्क अजून उभी असेल, तर त्यांनी निश्चिंत असावे. त्या बिचाऱ्या गाड्यांना लिहितावाचता येत नव्हते.

बातमी छापून येताच त्याच महिन्यात कंपनीने माहितीच्या दलालांना होणारा पुरवठा बंद केला. ऑगस्टमध्ये टेक्सास राज्याने तिच्यावर दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आपले आरोपपत्र आणि आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला व पुढील वर्षीच्या जानेवारीत आदेश कायम केला. कमिशनचे म्हणणे असे की, लक्षावधी गाड्यांचे नेमके ठिकाण, कधी कधी तर दर तीन सेकंदांनी, टिपले जात होते आणि लोकांना त्याची पुरेशी कल्पना दिली गेली नव्हती. आदेशान्वये कंपनीला पाच वर्षे अशी माहिती पत-अहवाल देणाऱ्या संस्थांना देण्याची बंदी झाली. आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गाडीच्या रचनेत शक्य असेल तेथे ठिकाणाची नोंद बंद करण्याची सोय ग्राहकाला द्यावी असे तीत घातले गेले. जी कळ देणे अशक्य म्हणून सांगितले जाते, ती सरकारी हुकूम निघाला की सापडते.

हा एका कंपनीचा दुराचार म्हणून सोडून द्यावा, तर तेही नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मोझिला फाउंडेशनने पंचवीस मोटार-नाममुद्रांची गोपनीयतेची कलमे वाचली. पंचविसांपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही. ८४ टक्के कंपन्यांनी माहिती इतरांना देण्याची मुभा स्वतःकडे राखली होती. निस्सानच्या अमेरिकेतील कलमांत तर ग्राहकाच्या लैंगिक व्यवहारांविषयीची माहितीही गोळा होऊ शकेल असे छापलेले आढळले. मोटार बनविणाऱ्याला हे कशाला हवे, असा प्रश्न त्या कलमाचा खर्डा तपासणाऱ्या एकाही कारकुनाला पडला नसेल काय? आमच्या शाखेत असा खर्डा आला असता तर समासात शेरा पडून परत गेला असता. पंचविसांत केवळ दोन नाममुद्रा, रेनो आणि डाचिया, सर्व मालकांना आपली माहिती पुसून टाकण्याचा हक्क देत होत्या. या दोन्ही युरोपातल्या, आणि युरोपात त्याविषयी कडक कायदा आहे. सद्‌गुणाचा उगम शोधावयास फार दूर जाण्याचे कारण नाही.

जमविलेली माहिती जपली जाते, असेही समजू नये. टोयोटाने मे २०२३ मध्ये कबुली दिली की, जपानातील सुमारे साडेएकवीस लक्ष ग्राहकांच्या गाड्यांची माहिती नोव्हेंबर २०१३ पासून एप्रिल २०२३ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दहा वर्षे, कोणालाही पोहोचता येईल अशी उघडी राहिली होती. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवागन समूहाच्या आठ लक्ष विद्युत-मोटारींची माहिती उघडी पडली. त्यांतील चार लक्ष साठ हजार गाड्यांची ठिकाणे इतकी नेमकी की कोणती गाडी कोणाच्या दारात उभी राहते ते सांगता यावे. त्यांत हांबुर्गच्या पोलिसांच्या गाड्याही होत्या. टेस्लाच्या नोकरांनी २०१९ ते २०२२ या काळात ग्राहकांच्या मोटारींतील कॅमेऱ्यांची चित्रे आपापसांत करमणुकीसाठी फिरविल्याचे रॉयटर्सने २०२३ साली दाखवून दिले. यांतील पहिल्या दोन ठिकाणी चोराला कुलूपसुद्धा फोडावे लागले नसते.

आता आमच्या मंडळातील एका ज्येष्ठ अधिकाऱ्यांचे मत सांगतो. त्यांच्याविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि गेल्या गणेशोत्सवात याच विषयावर त्यांनी आम्हांला सर्वांदेखत गप्प केले होते. ते म्हणाले, “अहो, ज्याला काही लपवावयाचे नाही त्याने घाबरावे कशाला? मी घरून कचेरीत जातो, कचेरीतून मंडईत जातो आणि मंडईतून घरी येतो. लिहू दे की त्या गाडीला!” सगळे हसले. त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही. उत्तर नेहमी प्रसाद वाटून झाल्यावर सुचते.

उत्तर त्यांच्याच नोकरीत आहे. आपणां सर्वांचा दरवर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो. एके काळी तो खरोखरच गोपनीय असे. वाईट शेरा तेवढा कळविला जाई, बाकीचा नाही. सीमा रस्ते संघटनेतील देव दत्त नावाच्या कार्यकारी अभियंत्याची कथा पुष्कळांना आठवत असेल. त्यांना १९९३-९४ या वर्षी ‘चांगला’ असा शेरा मिळाला. चांगलाच तो, त्यात कळविण्यासारखे काय? परंतु बढतीसाठी ‘फार चांगला’ हवा होता, आणि त्या एका ‘चांगल्या’मुळे त्यांची बढती हुकली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रत्येक शेरा, मग तो बरा असो वा वाईट, ज्याच्याविषयी लिहिला त्याला कळविलाच पाहिजे. पुढल्या वर्षीच्या मे महिन्यात कार्मिक खात्याचे परिपत्रक निघाले, आणि आता संपूर्ण अहवाल आपल्या हाती पडतो. ज्या ज्येष्ठांना लपविण्यासारखे काही नाही, त्यांनी आपला अहवाल पुन्हा बंद लिफाफ्यात घालण्याची मागणी केल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मोटार आपल्याविषयी जो अहवाल लिहिते त्याची जात हीच. ‘ब्रेक जोराने दाबला’ असा शेरा पडतो. चेंडूमागे धावत एक पोर रस्त्यावर आले होते म्हणून दाबला, हे त्यात येत नाही. यंत्राला पोर दिसत नाही. ‘रात्री दीडला गाडी चालविली’ असा शेरा पडतो. सासऱ्यांना दवाखान्यात नेत होतो, हे येत नाही. शेरा खोटा नसतो, पण अर्धा असतो; आणि अर्ध्या शेऱ्यावर कोणीतरी, कोठेतरी, आपला हप्ता ठरवितो. सिअॅटलच्या त्या गृहस्थाला लपवावयाचे काय होते? त्याला फक्त आपल्यावर काय लिहिले गेले हे ठाऊक नव्हते.

भारतात हे अजून घडले नाही असे कोणी म्हणेल. विमा नियामक प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ‘जितकी चालवाल तितका हप्ता’ आणि ‘जशी चालवाल तसा हप्ता’ अशा पुरवण्या मोटारविम्याला जोडण्यास परवानगी दिलेली आहे. ज्याला समजून उमजून अशी पुरवणी घ्यावयाची असेल त्याने ती खुशाल घ्यावी. कमी फिरणाऱ्याचा त्यात फायदाही आहे. आमचा झगडा त्याच्याशी नाही. जो न सांगता वही लिहितो त्याच्याशी आहे.

पाळतीचा प्रश्न आपल्या न्यायालयांना नवा नाही. उत्तर प्रदेशात खडकसिंग नावाच्या इसमावर दरोड्याचा आळ आला, पुराव्याअभावी तो सुटला, तरी पोलिसांनी त्याची ‘हिस्टरी शीट’ उघडून त्याच्या येण्याजाण्यावर नजर ठेवली. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयातील बहुमताने एवढेच म्हटले की, रात्री त्याच्या घरात शिरणे घटनाबाह्य आहे. त्याच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास हरकत नाही. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र वेगळे मत नोंदविले की, ज्याच्या प्रत्येक पावलावर पाळत आहे तो मोकळा फिरत असला तरी मोकळा नव्हे. त्यांचे मत त्या दिवशी हरले. पंचावन्न वर्षांनी, २४ ऑगस्ट २०१७ रोजी, पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले तेव्हा ते खरे ठरले. जुलै २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने एका जामिनाच्या अटीविषयी निर्णय दिला. अमली पदार्थांच्या खटल्यातील परदेशी आरोपीने आपले ठिकाण गूगलच्या नकाशावर तपास अधिकाऱ्याला सतत दिसत ठेवावे अशी ती अट होती. न्यायालयाने ती रद्द केली. जामिनावर सुटलेल्या आरोपीच्या हालचालीसुद्धा असे सतत पाहता येत नाहीत, असा त्याचा अर्थ. वार्षिक अहवालात एकही वाईट शेरा नसलेल्या प्रथम श्रेणीच्या अधिकाऱ्याच्या हालचाली मात्र मोटार कंपनीला पाहता येतात, आणि त्याबद्दल तो तिला पहिली दोन-तीन वर्षे संपल्यावर वर्गणी देतो. शिवाजी महाराजांचा बहिर्जी नाईक शत्रूच्या मुलखात वेष पालटून हिंडे, पण त्याचा पगार शत्रूकडून घेतला जात नसे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला टोलवून चालणार नाही. अपघात झाला, माणूस बेशुद्ध पडला, तर हीच पेटी मदत बोलाविते. गाडी चोरीला गेली तर हीच तिचा माग काढते. खरे आहे. पण त्यासाठी चोवीस तास वही लिहावी लागते काय? युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मोटारीच्या प्रत्येक नव्या नमुन्यात ‘ई-कॉल’ नावाची व्यवस्था सक्तीची आहे. ती एरवी झोपलेली असते. अपघाताचा धक्का बसला, किंवा आत बसलेल्याने बटण दाबले, की ती जागी होते, तातडीच्या ११२ क्रमांकाशी बोलते आणि ठिकाण, वेळ, गाडीची दिशा अशी मोजकी माहिती देते. नेहमीच्या प्रवासात तिने गाडीचा माग काढू नये, असे कायद्यातच लिहिले आहे. जीव वाचविण्यासाठी पाळत लागत नाही, हे एका खंडाने चालवून दाखविले आहे. जे अपघाताचे नाव पुढे करून फेऱ्यांचा हिशेब मागतात ते जखमी माणसाच्या आडून आपला माल विकतात, असे आम्ही म्हणू. शब्द कठोर वाटला तर वाटो.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. टॅक्सी, बस आदी सार्वजनिक वाहनांना ठिकाण सांगणारे साधन आणि धोक्याचे बटण बसविण्याची सक्ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२५-एच या नियमाने केलेली आहे. तेथे अनोळखी उतारू अनोळखी चालकाच्या हाती आपला जीव सोपवीत असतो, आणि ते साधन काढणे बेकायदा आहे. आम्ही बोलत आहोत ते खासगी मोटारीविषयी.

कायदा आता आपल्याकडेही झाला आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम सांगतो की, संमती मुक्त, विशिष्ट, समजून दिलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असावी. ती सांगितलेल्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असावी. आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यांतील मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तेथून अठरा महिन्यांची सवलत ठेवली गेली. आता हे कलम हातात घेऊन कोणत्याही शोरूममध्ये गाडीचा ताबा घेतानाचा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. गाडीला हार घातलेला, चाकाखाली लिंबू, मुलांच्या हातांत पेढे. विक्रेता हसतमुखाने आपला फोन मागतो, त्यावर कंपनीचे अॅप चढवितो आणि ‘मान्य आहे’ हे बटण स्वतःच्याच बोटाने दाबून फोन परत देतो. ही बिनशर्त आणि समजून दिलेली संमती! जे लोक आयुष्यभर दुसऱ्यांच्या फायलींवर ‘नियमानुसार नाही’ असे लिहीत आले, ते त्या क्षणी पेढा खात उभे असतात. दोष केवळ कंपन्यांचा नाही, म्हणून हे लिहावे लागले.

मग करावे काय? जेथे गाडीच्या पडद्यावर माहिती देण्याची संमती काढून घेण्याची सोय आहे तेथे ती शोधून वापरावी. नसेल तेथे कंपनीला लेखी कळवावे की सेवा बंद करा. अमेरिकेत कित्येक मालक याच्याही पुढे जाऊन पेटीचा फ्यूज काढतात किंवा तिची तार सोडवितात. ते करण्यापूर्वी विचार करावा. काही गाड्यांत त्याच तारेवर फोनचा मायक्रोफोन किंवा एखादा स्पीकर बसविलेला असतो, आणि मदतीचे बटण तर मुकेच होते. ही जोडणी अपरिहार्य असते असे आम्हांला वाटत नाही. ज्याला पाळत नको त्याला गाणेही मिळू नये, अशी ती तजवीज दिसते. म्हणून फ्यूज हा अखेरचा उपाय. मागणी कळीचीच केली पाहिजे, आणि ती गाडी घेण्यापूर्वी, पैसे अजून आपल्या खिशात असताना.

बदलीच्या नोकरीतल्या माणसाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. आपण एका गावी गाडी घेतो, दुसऱ्या गावी विकतो. २०१७ साली अमेरिकेतील एका परिषदेत आयबीएमच्या एका संशोधकाने सांगितले की, आपली मोटार विकून काही वर्षे लोटली तरी जुन्या अॅपमधून ती त्याला अजून दिसते, तिची कुलपेही उघडता येतात. नव्या मालकाला याचा पत्ता नव्हता. आपण विकलेल्या गाडीच्या पडद्यात आपले घर, मुलांची शाळा, फोनमधील नावे राहिलेली असतात. आपण घेतलेल्या जुन्या गाडीवर पहिल्या मालकाचा डोळा राहिलेला असू शकतो. आर.सी. बुकावर नाव बदलले म्हणजे हस्तांतर झाले असे आता राहिले नाही.

मंडळातील त्या ज्येष्ठ अधिकाऱ्यांची गेल्या महिन्यात गुवाहाटीला बदली झाली. गाडी येथेच विकावयाची होती. गिऱ्हाईक ठरल्यावर त्यांनी आम्हांला घरी बोलाविले आणि थोडे संकोचून विचारले, “काय हो, त्या माणसाला आमचे घर, मुलीचे वसतिगृह, हे सारे त्यात दिसेल का?” आम्ही गणेशोत्सवाची आठवण काढली नाही. दोघे मिळून गाडीत बसलो, पडद्यावरचे खाते शोधण्यात पाऊण तास गेला, ते पुसताना यंत्राने तीन वेळा ‘खात्री आहे काय’ असे विचारले. पडद्यावरून सारे गेले. कंपनीच्या दप्तरातून गेले की नाही हे विचारणारे पत्र त्यांच्या सहीने स्पीड पोस्टाने पाठविले आहे. त्याला आता पाच आठवडे झाले. पावती आमच्याकडे आहे.